जपानचा ११ फेब्रुवारी: सुट्टी ठेवा, सरकारी सोहळा नको

जपानच्या सुट्ट्यांच्या कायद्यात आज सोळा राष्ट्रीय सुट्ट्या आहेत. त्यांतल्या पंधरा कधी यायच्या हे कायद्यानेच सांगून टाकले आहे. कुठे तारीख दिली आहे, कुठे ‘जानेवारीचा दुसरा सोमवार’, कुठे वसंतसंपात आणि शरदसंपात. सोळाव्या सुट्टीपुढे मात्र एवढेच लिहिले आहे की मंत्रिमंडळाच्या आदेशाने ठरेल तो दिवस. ही सुट्टी राष्ट्रस्थापनेच्या स्मरणाची. ९ डिसेंबर १९६६ रोजी एका वाक्याचा आदेश निघाला, त्यात ११ फेब्रुवारी ही तारीख ठरली आणि १९६७ पासून ती पाळली जाते आहे. देशाच्या जन्माची तारीख आपल्या हाताने लिहायचे संसदेने टाळले, ते उगाच नव्हे.

या दिवसावरून जपानात दोन बाजू आहेत. एका बाजूला वाटते की सरकारने पुढाकार घेऊन हा दिवस थाटामाटात साजरा करावा. इतर देश करतात, मग आपण का नाही? दुसऱ्या बाजूला ही सुट्टीच नको आहे, कारण ती युद्धपूर्व सम्राटभक्तीची उरलेली शेपटी आहे असे तिचे म्हणणे. मला दोन्ही पटत नाहीत. सुट्टी असू द्यावी, सरकारने सोहळ्यात पडू नये आणि ही तारीख कशी काढली गेली हे प्राथमिक शाळेत आकडेमोडीसह शिकवावे. आकडेमोड अवघड नाही, सहावीच्या मुलाला जमेल अशी आहे. ती एकदा समोर मांडली की वादातला अर्धा धूर आपोआप विरतो.

मुळात ११ फेब्रुवारी ही तारीख कोणत्याही प्राचीन ग्रंथात नाही. ७१२ सालच्या ‘कोजिकी’त पहिले सम्राट जिम्मू यांची कथा आहे. ते पूर्वेकडे मोहीम काढतात, यामातो जिंकतात, काशिहाराच्या राजवाड्यात राहून राज्य करतात. पण राज्यारोहणाचे साल किंवा दिवस त्यात दिलेला नाही. दिवस येतो तो ७२० साली पुऱ्या झालेल्या ‘निहोन शोकी’त, म्हणजे दरबाराने करवून घेतलेल्या इतिहासात. तिथली नोंद अशी: शिन्यू वर्ष, वसंत, पहिला महिना, अमावास्येपासून सुरू होणाऱ्या महिन्याचा पहिला दिवस, आणि तो दिवस कानोए-तात्सु.

ही नोंद वाचायला दोन चक्रे माहीत हवीत. आपल्याकडे प्रभव-विभव अशी साठ संवत्सरे फिरतात तसे चिनी-जपानी कालगणनेत वर्षांना साठाचे चक्र आहे. शिन्यू हे त्यातले अठ्ठावन्नावे वर्ष. दिवसांनाही तसेच साठाचे चक्र आहे आणि ते महिना-वर्ष न पाहता अखंड चालते. त्यामुळे कुठल्याही आधुनिक तारखेपासून मागे मोजत गेले की एखादा प्राचीन दिवस चक्रात कुठे बसतो ते बिनचूक काढता येते. १९२१ हे शिन्यू वर्ष होते. तिथून त्रेचाळीस चक्रे, म्हणजे २५८० वर्षे मागे गेलो की इसवी सन पूर्व ६६० येते (इसवी सनात शून्य वर्ष नाही, म्हणून एकाचा फरक धरायचा). त्या वर्षाच्या वसंतारंभी कानोए-तात्सु हा दिवस शोधला आणि आजचे ग्रेगोरियन कॅलेंडर तसेच मागे ताणले, की उत्तर येते ११ फेब्रुवारी. पडताळून पाहिले तर गणित चोख आहे.

घोटाळा गणिताच्या आधी झालेला आहे. ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२ सालचे. इतिहासकार इसवी सनापूर्वीच्या तारखा सहसा ज्युलियन पद्धतीने लिहितात आणि त्या पद्धतीने हाच दिवस १८ फेब्रुवारी ठरतो. म्हणजे दिवस तोच, तारखा दोन, आणि निवड एकोणिसाव्या शतकातल्या मेइजी सरकारची. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा. ही ६ जून ज्युलियन आहे; ग्रेगोरियन धरली तर १६ जून होते. १९ फेब्रुवारी १६३० चेही तेच, ग्रेगोरियन पद्धतीने तो १ मार्च. तिथी की तारीख यावर आपण इतकी वर्षे भांडलो, पण तारीख कुठल्या कॅलेंडरची हा प्रश्न सभांमधून फारसा ऐकू येत नाही. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की रायगडावरचा सोहळा पाहणाऱ्यांनी त्याच काळात लिहून ठेवला. जिम्मूंच्या बाबतीत कथित घटना आणि पहिली तारीखवार नोंद यांत तेराशे ऐंशीच्या आसपास वर्षांचे अंतर आहे.

मग ‘निहोन शोकी’च्या लेखकांनी हे साल आणले कुठून? मेइजी काळातले इतिहासकार नाका मिचियो यांनी दिलेले उत्तर आजही सर्वांत जास्त मानले जाते. प्राचीन चिनी भविष्यग्रंथांत अशी समजूत होती की शिन्यू वर्षी सत्तापालट होतो आणि अशी एकवीस चक्रे पुरी झाली, म्हणजे १२६० वर्षे लोटली, की महापालट. इसवी सन ६०१ हे शिन्यू वर्ष, सम्राज्ञी सुइको आणि राजपुत्र शोतोकू यांच्या राजवटीतले. ६०१ मधून १२६० वर्षे मागे गेले की इसवी सन पूर्व ६६०. काही अभ्यासक मोजणी ६६१ पासून धरतात आणि एक चक्र जास्त घेतात. कुठल्या वर्षापासून मागे मोजले यावर मतभेद आहेत, मागे मोजले यावर नाहीत.

असे मागे मोजले की मध्ये मोठी पोकळी राहते आणि ती भरावी लागते. म्हणून ‘निहोन शोकी’त जिम्मू १२७ वर्षे जगतात (‘कोजिकी’त १३७) आणि त्यांच्या पुढचेही कित्येक सम्राट शंभरी ओलांडतात. दुसऱ्यापासून नवव्या सम्राटापर्यंत तर बायका, मुले, राजवाडा आणि थडगे यांपलीकडे सांगण्यासारखे काही घडतच नाही. ज्या काळात हे राज्य स्थापन झाले असे म्हणायचे त्या काळात उत्तर क्यूशूत भातशेती नुकती रुजत होती. लिपी नव्हती, लोखंड नव्हते, पंचांग तर नव्हतेच.

पंचांगाचा पुरावा सगळ्यांत मासलेवाईक आहे. तोक्योच्या वेधशाळेतले खगोलज्ञ ओगावा कियोहिको यांनी ‘निहोन शोकी’तल्या अमावास्या एकेक करून तपासल्या. ग्रंथाच्या उत्तरार्धातल्या, म्हणजे अलीकडच्या काळातल्या तारखा पाचव्या शतकातल्या गेंका या चिनी पंचांगाशी जुळतात. पूर्वार्धातल्या, म्हणजे अतिप्राचीन काळातल्या तारखा मात्र गिहो पंचांगाशी जुळतात आणि ते चीनमध्ये ६६५ साली तयार झाले. जुन्या इतिहासाला नवे पंचांग आणि नव्या इतिहासाला जुने, हे तारखा मागाहून बसवल्याशिवाय होत नाही. वहीतल्या पहिल्या पानाची शाई शेवटच्या पानापेक्षा ताजी निघावी, तसे हे आहे.

आता १८७२ सालाकडे येऊ. मेइजी सरकार चार वर्षांचे होते, शोगुनशाही पाडून सम्राटाच्या नावाने कारभार चालला होता आणि त्या नावाला पाया हवा होता. ९ डिसेंबर १८७२ ला फर्मान निघाले की चांद्र पंचांग रद्द. तेवीस दिवसांत नवे कॅलेंडर सुरू झाले. जुन्या बाराव्या महिन्याची द्वितीया संपली आणि दुसऱ्या दिवशी १ जानेवारी १८७३ उजाडला. घाईचे एक कारण तिजोरीत होते. येणाऱ्या वर्षात अधिक महिना पडत होता, म्हणजे तेरा पगार द्यावे लागणार होते. शिवाय दोनच दिवस चाललेल्या जुन्या बाराव्या महिन्याचा पगार द्यायचा नाही असे ठरले, तेव्हा दोन महिन्यांचे पगार वाचले. तेव्हाचे एक धुरंधर ओकुमा शिगेनोबू यांनी पुढे हे मोकळेपणाने सांगितले आहे.

त्याच सुमारास दुसरे फर्मान निघाले: जिम्मूंच्या राज्यारोहणापासून वर्षे मोजायची आणि २९ जानेवारीला त्याचा उत्सव करायचा. २९ जानेवारी का, तर १८७३ मध्ये जुन्या पद्धतीचे नववर्ष त्या दिवशी पडत होते. पहिल्या महिन्याचा पहिला दिवस, घ्या तसाच. यात दोन चुका होत्या. एक म्हणजे चांद्र वर्षारंभ दर वर्षी सरकतो, त्यामुळे पुढच्या वर्षी तारीख कोणती हा प्रश्न उरलाच. दुसरी जास्त गमतीची. सरकारने जुने नववर्ष नुकतेच मोडीत काढले होते आणि लोकांना वाटले की त्याच नववर्षाची ही सरकारी सुट्टी आहे. मग गणित पुन्हा झाले, इसवी सन पूर्व ६६० चा दिवस ग्रेगोरियनमध्ये बदलून घेतला आणि ऑक्टोबर १८७३ च्या सुट्ट्यांच्या यादीत किगेनसेत्सू या नावाने ११ फेब्रुवारी कायम झाला. स्थळाचेही असेच. जिम्मूंचे म्हणून आज दाखवतात ते थडगे १८६३ मध्ये निश्चित केले गेले, आणि उनेबी डोंगराच्या पायथ्याचे काशिहारा देवस्थान १८९० मध्ये उभे राहिले.

इथवर कुणाचे काही बिघडले असे म्हणता येणार नाही. सगळीच राष्ट्रे एकोणिसाव्या शतकात असले काहीतरी करत होती. बिघडले ते पुढे, आणि ते शाळेतून. ११ फेब्रुवारी १८८९ ला मेइजी राज्यघटना याच दिवसाचे औचित्य साधून दिली गेली. १८९० मध्ये शिक्षणविषयक राजाज्ञा आली आणि १८९१ मध्ये प्राथमिक शाळांत सणाचे विधी कसे करायचे याचे नियम आले. किगेनसेत्सूच्या सकाळी मुले सुट्टी असूनही शाळेत येत. सम्राटाच्या छायाचित्रापुढे वाकणे, मग पांढरे हातमोजे घातलेले मुख्याध्यापक राजाज्ञेची गुंडाळी उलगडून वाचत तेवढा वेळ मान खाली, मग त्या दिवसाचे ठरलेले गीत. त्याच १८९१ च्या जानेवारीत तोक्योच्या एका सरकारी विद्यालयात उचिमुरा कान्झो हे ख्रिस्ती शिक्षक राजाज्ञेपुढे पुरेसे वाकले नाहीत म्हणून गदारोळ झाला आणि त्यांची नोकरी गेली. आजही प्रॉटेस्टंट चर्चे ११ फेब्रुवारीला धर्मस्वातंत्र्याच्या रक्षणाचा दिवस म्हणून सभा घेतात, त्याचे मूळ या काळात आहे.

कळस झाला १९४० मध्ये. जिम्मू शकाचे ते २६०० वे वर्ष. त्यासाठीची तयारी समिती १९३५ पासून काम करत होती. तोक्योचे ऑलिंपिक आणि जागतिक प्रदर्शन त्याच वर्षी भरवायचे होते. चीनमधले युद्ध चिघळल्याने १९३८ मध्ये दोन्ही सोडावी लागली. नौदलाच्या नव्या लढाऊ विमानाला २६०० मधले शेवटचे शून्य मिळाले, तेच झिरो विमान. नोव्हेंबरमध्ये राजवाड्यासमोर पन्नासएक हजार निमंत्रितांचा सोहळा झाला. आणि त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत वासेदा विद्यापीठाचे त्सुदा सोकिची यांच्या ग्रंथांवर बंदी आली.

त्सुदांचा गुन्हा एवढाच की ‘कोजिकी’ आणि ‘निहोन शोकी’ यांतला सुरुवातीचा भाग इतिहास नसून सहाव्या शतकापासूनच्या दरबाराने रचलेली कथा आहे, असे त्यांनी पाठचिकित्सा करून दाखवले होते. त्यांना विद्यापीठ सोडावे लागले, प्रकाशक इवानामी शिगेओ यांच्यासह त्यांच्यावर खटला चालला, १९४२ मध्ये तीन महिन्यांची स्थगित कैद झाली आणि १९४४ मध्ये मुदत उलटल्याच्या कारणाने प्रकरण निकालात निघाले. त्सुदा काही राजसत्तेचे वैरी नव्हते. युद्धानंतर त्यांनी सम्राटपदाची बाजू उचलून धरली तेव्हा डावे इतिहासकार चकित झाले. सम्राटावर श्रद्धा असलेल्या माणसालाही राज्यसंस्था कोर्टात उभे करते, कारण एका आकड्याची हमी तिने आपल्या अंगावर घेतलेली असते. सरकारी सोहळ्याला माझा विरोध आहे तो यासाठी. कथेवर श्रद्धा असणे वेगळे आणि सरकारने तिच्या सालावर शिक्का मारणे वेगळे. शिक्का मारला की शंका घेणारा देशद्रोही ठरायला फार वेळ लागत नाही.

युद्ध हरल्यावर जुने सण कसे लपवले गेले हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण थोडे सांगायलाच हवे. जुलै १९४८ च्या कायद्यात नऊ सुट्ट्या होत्या. ३ नोव्हेंबर संस्कृती दिन झाला; तो मेइजी सम्राटांचा वाढदिवस आणि नव्या घटनेच्या जाहीर होण्याचा दिवस. २३ नोव्हेंबर श्रमिकांच्या कृतज्ञतेचा दिवस झाला. तो नवान्नाचा राजविधी. दोन्ही संपातांचे दिवस पूर्वी राजघराण्याच्या पितरांचे होते. नावे बदलली, दिवस तेच राहिले आणि दोस्त सैन्याच्या मुख्यालयाने ते चालू दिले. फक्त ११ फेब्रुवारीला त्यांनी साफ नकार दिला. तो दिवस नाव बदलून लपत नव्हता, कारण त्याच्यामागे साल होते आणि सालामागे दावा होता.

१९५२ मध्ये स्वातंत्र्य परतल्यावर सत्ताधारी पक्षातून दिवस परत आणण्याची खटपट सुरू झाली. १९५७ पासून विधेयके येत आणि पडत राहिली, एकूण नऊ वेळा. विरोधकांत एक अनपेक्षित माणूस होता: सम्राट हिरोहितोंचे धाकटे भाऊ राजपुत्र मिकासा. ते पश्चिम आशियाच्या प्राचीन इतिहासाचे अभ्यासक होते आणि लष्करी अधिकारी म्हणून चीनमधले युद्ध त्यांनी जवळून पाहिले होते. ज्याला पुरावा नाही त्या तारखेला इतिहासाचे रूप देऊ नये, अशी त्यांची भूमिका. राजघराण्याचा माणूस राजघराण्याच्या मूळ कथेविरुद्ध बोलतो म्हणून उजव्या गटांनी त्यांच्यावर आग पाखडली.

अखेर १९६६ मध्ये सातो एइसाकू यांच्या सरकारने तडजोड काढली. कायद्यात सुट्टी आली आणि ‘देशाच्या स्थापनेचे स्मरण करून देशप्रेम जोपासणे’ हा हेतूही आला. तारीख मात्र सल्लागार मंडळाचे मत घेऊन सहा महिन्यांत आदेशाने ठरवायची असे झाले. इतर पक्षांनी सुचवलेल्या तारखा पाहण्यासारख्या आहेत. समाजवाद्यांना ३ मे हवा होता, नवी घटना लागू झाली तो दिवस. पण घटना १९४७ ची, देश त्याआधीही होताच. कोमेइतो पक्षाने २८ एप्रिल सुचवला, सॅन फ्रान्सिस्को करार अमलात आला तो दिवस. तारीख पक्की, कागदपत्रे हजर. पण त्याच कराराने ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात राहिले, म्हणून तिथे २८ एप्रिलला अपमानाचा दिवस म्हणतात. २०१३ मध्ये आबे सरकारने त्या दिवशी सार्वभौमत्वाचा समारंभ केला तेव्हा ओकिनावात निषेध सभा भरली. लोकशाही समाजवाद्यांचा ३ एप्रिल तर मासलाच. ६०४ साली शोतोकूंच्या सतरा कलमी संहितेची नोंद चौथ्या महिन्याच्या तृतीयेची आहे. चांद्र महिना तसाच उचलून सौर एप्रिल केला, नीट बदलली तर ती तारीख मे महिन्यात पडते. म्हणजे १८७३ ची चूक १९६६ मध्ये पुन्हा झाली, आणि तीही पुराणकथेला विरोध करणाऱ्या बाजूने. शिवाय ती संहिता शोतोकूंचीच का, यावरही त्सुदांनी शंका घेतली होती.

खऱ्या तारखाही कुणाला ना कुणाला बोचतात, हे यातून दिसते. जपानसारख्या देशाला एक जन्मदिवस नसतोच. तो हळूहळू झाला. सहाव्या-सातव्या शतकात त्याला आकार आला. तेव्हा ११ फेब्रुवारी खोटा म्हणून रद्द करा, या मागणीला माझा पहिला प्रश्न हा की बदल्यात काय? काहीच नको असे उत्तर असेल तर ते समजण्यासारखे आहे, पण त्यात तोटा आहे. ३ नोव्हेंबरला आज मेइजी सम्राटांची चर्चा कोण करतो? संग्रहालये फुकट उघडतात, पदके वाटली जातात, लोक पानगळ पाहायला जातात. तिथे इतिहास इतका व्यवस्थित झाकला गेला की उरलाच नाही. ११ फेब्रुवारीला मात्र दर वर्षी काशिहाराला सम्राटाचा प्रतिनिधी जातो, तोक्योत मेइजी देवस्थानाकडे पालख्यांची मिरवणूक निघते, आणि त्याच दिवशी इतिहासकार आणि ख्रिस्ती चर्चे निषेधाच्या सभा भरवतात. बाकीचे लोक घरी झोपतात किंवा बर्फात घसरायला जातात, तेही ठीक. ज्या सुट्टीची शिवण उघडी दिसते अशी ही एकच आहे. रद्द केली तर वाद मिटणार नाही, तो फक्त एका बाजूच्या मठात जाऊन बसेल.

सोहळावाल्यांचा मुख्य युक्तिवाद असा की प्रत्येक राष्ट्राला पुराणकथा लागते आणि ती साजरी करण्यात लाज कसली. कथेबद्दल माझे दुमत नाही. तीन पायांच्या कावळ्याने वाट दाखवली, सोनेरी घार धनुष्यावर बसली आणि शत्रूचे डोळे दिपले, ही कथा सुंदर आहे, मुलांना जरूर सांगावी. सहावीच्या समाजशास्त्रात ‘कोजिकी’ आणि ‘निहोन शोकी’तल्या कथा आजही आहेत. पण ११ फेब्रुवारी हा त्या कथेचा भाग नाही. तो १८७३ च्या सरकारी टेबलावरचा आकडा आहे. कथेचा मान राखायचा म्हणून आकड्याला सलाम करायचा, ही अदलाबदल सोहळ्यात सहज होऊन जाते. १९८५ मध्ये पंतप्रधान नाकासोने या दिवसाच्या कार्यक्रमाला गेले. २०१२ च्या निवडणुकीत, तेव्हा विरोधात असलेल्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाने सरकारी समारंभाचा वायदा केला. २०१४ पासून पंतप्रधानांचा लेखी संदेश निघू लागला. एकेक पायरी छोटी दिसते.

आकडा स्वतः विषारी नाही, याचा सरळ पुरावा जपानच्या कायद्यातच पडून आहे. १८९८ च्या एका राजादेशाने लीप वर्षाचा नियम ठरवला आणि तो आजही लागू आहे. जिम्मू शकाचा आकडा चाराने भागला गेला तर लीप वर्ष. त्यातून ६६० वजा करून येणारी संख्या शंभराने भागली जात असेल आणि तो भागाकार चाराने भागला जात नसेल, तर साधे वर्ष. २१०० घ्या: शक २७६०, चाराने भाग जातो; ६६० वजा केले की २१००, शंभराने भाग जाऊन २१ येतात, त्यांना चाराने भाग जात नाही, म्हणून साधे वर्ष. १८७२ च्या फर्मानात शतकांचा हा अपवाद घालायचा राहून गेला होता आणि १९०० तोंडावर आले होते, म्हणून ही दुरुस्ती. जिम्मू होते की नव्हते याच्याशी या हिशेबाला काही देणेघेणे नाही. कुणी त्यापुढे मान वाकवत नाही आणि कुणावर खटलाही भरत नाही. पाठ्यपुस्तकात एक पान द्यावे: साठाचे चक्र, ६०१ मधून १२६० मागे, गिहो पंचांगाचा पुरावा, २९ जानेवारीची फजिती, आणि शेवटी हा लीप वर्षाचा नियम सोडवायला.

हे आताच करायला हवे, कारण २०४० जवळ येतो आहे. तेव्हा जिम्मू शकाचे २७०० वे वर्ष असेल आणि १९४० ची आठवण काढून सरकारी सोहळ्याची मागणी जोर धरणार यात शंका नको. मागच्या वेळी समिती पाच वर्षे आधी बसली होती. त्या हिशेबाने २०३५ मध्ये सरकारला होय किंवा नाही म्हणावे लागेल. ते नाही असावे, आणि संसदेत स्पष्ट शब्दांत असावे. बाकी लोकांनी आपापल्या खर्चाने मिरवणुका काढाव्यात, विरोधकांनी सभा घ्याव्यात. ११ फेब्रुवारी २०४० ला शनिवार आहे. बदली सुट्टी फक्त रविवारी पडलेल्या सणाची मिळते, असा १९७३ पासूनचा नियम आहे. त्यामुळे शनिवार-रविवार सुट्टी असणाऱ्या नोकरदाराला सत्ताविसाव्या शतकपूर्तीचा जादा दिवस काही मिळणार नाही.